दोन तपासण्यांच्या मधली जागा : घरगुती नॅस आणि स्टोरेज कंट्रोलर

घरी चार-सहा हार्डडिस्क लावून नॅस सर्व्हर (घरच्या नेटवर्कवरून फाइली पुरवणारा संगणक) उभा करणारी मंडळी डिस्क निवडताना जेवढा कीस काढतात, त्याच्या दहावा हिस्साही विचार त्या डिस्क ज्या चिपला जोडायच्या तिचा, म्हणजे स्टोरेज कंट्रोलरचा, करीत नाहीत. डिस्क मेली तर ते कळते. कंट्रोलर मात्र धडधाकट दिसत असतानाही चुका करू शकतो, आणि आज मला बोलायचे आहे ते या चुकांविषयी.

डेटाचा प्रवास नीट पाहू. मदरबोर्डवरून कंट्रोलरकडे तो पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीने येतो, तेव्हा प्रत्येक पॅकेटला ३२ बिटांचा सीआरसी, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जोडलेला असतो. पुढे साटा केबलवरून डिस्ककडे जातानाही ३२ बिटांचा सीआरसी असतोच आणि तबकडीवर लिहिताना ईसीसीची (चूक दुरुस्त करता यावी म्हणून जोडलेल्या जादा बिटांची) भर पडते. मग डेटा बिघडायला वाव उरतो कुठे? मेख अशी आहे की, पहिला सीआरसी कंट्रोलरच्या दारात तपासून संपतो आणि दुसरा आत नव्याने काढला जातो. मधल्या बफरमध्ये (डेटा तात्पुरता ठेवण्याच्या मेमरीत) एखादा बिट उलटला किंवा फर्मवेअरने (चिपमधल्या प्रोग्रामने) भलत्याच पत्त्यावरचा तुकडा उचलला, तर दुसरा सीआरसी त्या चुकीच्या डेटावरूनच काढला जातो आणि पुढचा प्रत्येक टप्पा त्याला निर्दोष ठरवतो. महागड्या कार्डांत आतल्या मेमरीलाही संरक्षण असते, पण फर्मवेअरच चुकले तर त्या संरक्षणाचा उपयोग नाही.

ही गोष्ट नवी नाही. एमआयटीच्या सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ साली छापलेल्या निबंधात तिथल्याच नेटवर्कचा एक किस्सा दिला आहे. तारेवरच्या प्रत्येक टप्प्यावर चेकसम (सीआरसीसारखाच पडताळणीचा आकडा) होता, म्हणून प्रोग्रामर निर्धास्त होते. पण नेटवर्कांना जोडणारा एक गेटवे संगणक आपल्या एका बफरमधून दुसऱ्यात नक्कल करताना साधारण दर दहा लाख बाइटांमागे एकदा बाइटांच्या जोडीची अदलाबदल करीत होता. एका ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड त्यातून वारंवार गेला, आणि शेवटी लोकांना जुनी छापील बाडे काढून ओळीन् ओळ ताडून पाहावी लागली. त्या गेटवेच्या जागी आपले साटा कार्ड ठेवा, चित्र तेच राहते.

सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत २००७ साली याची पद्धतशीर पाहणी झाली. सुमारे ३००० यंत्रांवर दर दोन तासांनी ठरावीक नक्षीची दोन जीबीची फाइल लिहायची, परत वाचायची आणि ताडायची, असा क्रम पाच आठवडे चालला. सुमारे १०० यंत्रांवर ५०० चुका सापडल्या. त्यांतल्या बहुतेक ६४ केबीच्या तुकड्यांच्या होत्या आणि त्यांचे मूळ रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारा कंट्रोलर) व डिस्कचे फर्मवेअर यांच्या न जुळण्यात निघाले. दोन्ही वस्तू सुट्या तपासल्या असत्या तर कदाचित चोख ठरल्या असत्या.

याच्या उलट उदाहरण इंटेलचे. ३१ जानेवारी २०११ रोजी कंपनीने ६-मालिकेच्या चिपसेटमधला (मदरबोर्डवरच्या जोडणी-चिपमधला) दोष जाहीर केला. तीन गिगाबिटच्या साटा पोर्टांच्या घड्याळ-मंडलातल्या एका ट्रान्झिस्टरमधून वीज झिरपत होती आणि त्यामुळे ती पोर्टे काळाच्या ओघात क्षीण होणार होती. दुरुस्तीचा खर्च सुमारे ७० कोटी डॉलर धरला गेला. तरीही मी याला सौम्य दोष म्हणतो, कारण तारेवरची चूक सीआरसी पकडतो: वेग मंदावतो, डिस्क नाहीशी होते, निदान बोंब तरी होते.

मूक चूक पकडायची तर तपासणी कंट्रोलरच्या पलीकडे, म्हणजे फाइल सिस्टिममध्येच हवी. झेडएफएस ही फाइल सिस्टिम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकसोबत न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते. त्यामुळे चुकीच्या पत्त्यावरून आलेला, पण स्वतःपुरता अखंड असलेला ब्लॉकही उघडा पडतो. लिनक्सच्या साध्या एमडी-रेडला (सॉफ्टवेअरने डिस्क एकत्र चालवण्याच्या सोयीला) हे जमत नाही. दोन प्रतींत तफावत दिसली तर खरी कोणती हे त्याला सांगता येत नाही. दुरुस्ती करायला सांगितले तर एकच डेटा दोन डिस्कवर ठेवणाऱ्या रेड-१ मध्ये एक प्रत दुसरीवर उतरवली जाते आणि रेड-५ मध्ये पॅरिटी (मेलेल्या डिस्कचा डेटा परत काढण्यासाठीची जादा माहिती) नव्याने मोजली जाते, मग मूळ डेटा खोटा का असेना.

स्क्रब (सगळे ब्लॉक वाचून चेकसम ताडणे) झाल्यावर झेडएफएसच्या झेडपूल स्टेटस या आज्ञेचा तक्ता नीट वाचावा. चेकसमच्या रकान्यातला आकडा एकाच डिस्कसमोर वाढत असेल तर डिस्कवर किंवा तिच्या केबलवर संशय घ्यावा, आणि स्मार्टमधला (डिस्क स्वतःच ठेवते त्या नोंदींतला) १९९ क्रमांकाचा सीआरसीचा आकडाही सोबत वाढत असेल तर आधी केबल बदलावी. पण एकाच कार्डावरच्या चारही डिस्कसमोर आकडे एकदमच चढत असतील, १९९ मात्र जागचा हललेला नसेल, तर चार डिस्क एका रात्रीत बिघडल्या असे मानणे भाबडेपणाचे आहे. तिथे कंट्रोलर, रॅम आणि पॉवर सप्लाय हे संशयित. एलएसआय कंपनीची जुनी एसएएस कार्डे (साटा डिस्कही चालवणारी कंट्रोलर कार्डे) सर्व्हरमधल्या अखंड वाऱ्याच्या झोतासाठी बनवलेली असतात. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये त्यांचे हीटसिंक हात लावू देत नाही. त्यावर छोटा पंखा बसवणे हा चैनीचा भाग नव्हे. फर्मवेअर आयटी मोडचे (रेड न करता डिस्क थेट दाखवणारे) असावे; ९२११-८आय कार्डासाठी २० व्या मालिकेच्या सुरुवातीच्या आवृत्त्या टाळून २०.००.०७.०० वापरावी, असे जाणकार सांगतात. स्वस्तातली साटा कार्डे घेताना पोर्ट मोजावेत: जेएमबी५८५ चिपला पाच आणि एएसएम११६६ ला सहा पोर्टे असतात, कार्डावर त्याहून जास्त दिसली, तर मागे पोर्ट मल्टिप्लायर (एक पोर्ट अनेक डिस्कांत वाटणारी चिप) असण्याची शक्यता मोठी, आणि एक डिस्क अडली की तिच्या शेजारणीही अडून बसतात.

कार्ड बदलल्यावर आकडे शून्यावर आणून पुन्हा पूर्ण स्क्रब चालवावा. वाचताना झालेल्या चुका तेवढ्याने मिटतात. लिहितानाच बिघडलेल्या ब्लॉकची दुसरी चांगली प्रत शिल्लक नसेल, तर त्या फाइलचे नाव तक्त्याखालच्या यादीत येते, आणि ती फाइल बॅकअपमधून आणावी लागते. तो बॅकअप मात्र कार्ड बिघडण्यापूर्वीचा हवा.