साडेसहाची घंटा

[दृश्य : लालबाग, संध्याकाळ. शाळेचं फाटक.]

दुपारच्या पाळीची मुलं गेली. जिने झाडून झाले. आता याच फाटकातून रात्रशाळेचे विद्यार्थी येतायत. कुणाच्या खांद्यावर कुरिअरची पिशवी, कुणी चार घरची धुणीभांडी उरकून आलेली.

बाक बघा. इमारत महापालिकेच्या प्राथमिक शाळेची, त्यामुळे बाक चौथीच्या मापाचे. मोठी माणसं त्यांवर तिरकी बसतात, एक पाय बाहेर काढून. फळ्याच्या डाव्या बाजूला दिवसाच्या बाईंच्या बेरजा, खाली चौकटीत ‘पुसू नये’. दहावीचं बीजगणित उजव्या अर्ध्यात.

[दृश्य : जुनी छायाचित्रं, गिरणीची चिमणी.]

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात, स्वतःच्या घरी, कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबईत कामगार नेते ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग ही समाजसेवी संस्था स्थापली आणि कामगारवस्तीत रात्रीचे वर्ग सुरू झाले. गिरणगावात शाळेचं गणित पाळीवर चाले. पहिली पाळी सात ते तीन, म्हणजे संध्याकाळ मोकळी. तिसरी रात्री अकराची, म्हणजे वर्गातून थेट गिरणीच्या खात्यात. पण दुसरी लागली, तीन ते अकरा, की वर्ग बुडालाच. नापास होण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या. वर्ग मात्र भरत राहिले.

[दृश्य : वेळापत्रक, जवळून.]

साडेसहा ते साडेनऊ, तीन तास. अभ्यासक्रम दिवसाच्या शाळेचाच, मंडळ तेच, दहावीची प्रश्नपत्रिकाही तीच. सात वाजेपर्यंत माणसं येतच असतात, म्हणून जाणते शिक्षक पहिल्या तासाला गणित ठेवत नाहीत. गणितात पहिली पायरी हुकली की उरलेला तास वाया. तिथे मराठी किंवा इतिहास. गणित, इंग्रजी मधल्या तासांना. नऊनंतर डोळे मिटायला लागतात, तेव्हा उजळणी.

विज्ञानाचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर, प्रात्यक्षिकाचे वीस. प्राथमिकच्या इमारतीत प्रयोगशाळा कुठून असणार? ही पत्र्याची पेटी म्हणजेच प्रयोगशाळा : परीक्षानळ्या, चिमटा, स्पिरिटचा दिवा, लिटमसच्या पट्ट्या. दोन बाक जोडले की टेबल तयार. ही पेटी रोज जिन्यावरून वर न्यायची, रोज खाली आणायची. काचेचं सामान फुटतं ते प्रयोगात नाही, या जिन्यात. रात्रशाळेला हक्काची, कुलपाची एक खोली मिळायलाच हवी.

१७ मे २०१७ च्या शासन निर्णयाने दिवसा दुसऱ्या शाळेत नोकरी असलेल्या शिक्षकांचं रात्रीचं शिकवणं थांबलं, आणि जूनमध्ये कित्येक वर्ग शिक्षकाविना उघडले.

[दृश्य : साडेनऊ. दिवे एकेक मालवले जातात.]

पेटी खाली गेली. फळ्याची उजवी बाजू पुसून झाली. डावीकडच्या बेरजा जशाच्या तशा.