पिकाची मोकळीक, बोलण्याची बंदी

श्रोतेहो, नमस्कार.

आज व्हिएतनामबद्दल बोलायचं आहे. १९८६ साली तिथली महागाई सातशे टक्क्यांच्याही वर गेली होती. त्या डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षानं ‘दोई मोई’ हे आर्थिक सुधारणांचं धोरण स्वीकारलं. १९८८ मध्ये सामुदायिक शेतीची जमीन एकेका कुटुंबाला कसायला मिळाली आणि पुढच्याच वर्षी, काल धान्य आयात करणाऱ्या या देशानं सुमारे चौदा लाख टन तांदूळ बाहेर विकला. कष्ट शेतकऱ्यांचेच होते. सरकारनं फक्त त्यांचे हात मोकळे सोडले.

पण हे शहाणपण वीस वर्षं आधीच सुचलं होतं! विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक यांनी १९६६ मध्ये शेतीचं काम कुटुंबांना नेमून द्यायला सुरुवात केली. १९६८ मध्ये पक्षनेते त्रुओंग चिन्ह यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली, प्रयोग बंद पडला. न्गोक १९७९ मध्ये वारले. पुढे १९८६ मध्ये सुधारणांचा आग्रह धरणाऱ्यांत तेच त्रुओंग चिन्ह होते. मत बदलायचं धैर्य त्यांनी दाखवलं, हे मान्य करायलाच हवं. २००९ मध्ये न्गोक यांना मरणोत्तर ‘ऑर्डर ऑफ हो ची मिन्ह’ हा सरकारी सन्मानही मिळाला.

मला अस्वस्थ करतं ते हे की, चूक दाखवणाऱ्याशी वागायची रीत मात्र पक्षानं बदलली नाही. अर्थव्यवस्थेबरोबर राजकारणही खुलं करा, असं म्हणणारे त्रान शुआन बाख पॉलिटब्यूरोचे, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीचे, सदस्य होते. मार्च १९९० मध्ये त्यांना तिथून काढलं. लोकशाहीची मागणी करणारे डॉक्टर न्गुयेन दान क्वे यांना १९९१ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. राज्यघटनेचं चौथं कलम सत्ता एकाच पक्षाकडे सोपवतं, म्हणजे त्या पक्षाला मतपेटीतून हटवायची वाटच नाही.

गरिबी खूप घटली, कारखाने आले, २००७ मध्ये देश जागतिक व्यापार संघटनेत गेला. कोट्यवधी लोकांच्या ताटात अन्न आलं, त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण पोटभर जेवणाऱ्या माणसाला मतही असतं. पत्रकार फाम दोआन त्रांग यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. सरकारविरोधी प्रचाराच्या आरोपाखाली त्यांना नऊ वर्षांची कैद सुनावण्यात आली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हनोईच्या वरच्या न्यायालयानं अपील फेटाळून तीच शिक्षा कायम केली.