सात मीटर रुंद घरातलं हॉटेल : मार्सेयमधला स्वस्त मुक्काम

[दृश्य : सें-शार्ल स्टेशनसमोरच्या पायऱ्या. खाली शहर, दूर टेकडीवर चर्चच्या मनोऱ्यावरची सोनेरी मूर्ती.]

पॅरिसहून सुटलेली तेजेवे, म्हणजे अतिवेगवान टीजीव्ही गाडी सव्वातीन तासांच्या आसपास इथे पोचते. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर १०४ पायऱ्या, आणि त्यांच्या तळाशी मार्सेय. मराठी वाचकाला हे गाव मार्सेलिस या नावानं ठाऊक आहे. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून उडी मारली ती इथल्याच बंदरात. मुंबईहून विलायतेला निघालेले कितीतरी प्रवासी इथे बोट सोडायचे आणि पुढचा प्रवास आगगाडीनं करायचे. आजही कॉर्सिका, अल्जीरिया, ट्युनिशियाच्या बोटी इथून सुटतात. एक रात्र काढून पुढं जाणारा पाहुणा या शहराला नवीन नाही. त्याच्यासाठीची हॉटेलं स्टेशन आणि बंदर यांच्या मधल्या रस्त्यांवर आहेत.

त्या पायऱ्या फोटोसाठी छान आहेत, चाकाच्या बॅगेसाठी नाहीत. सामान असेल तर स्टेशनच्या पोटातच मेट्रो आहे. एक नंबरच्या लाइननं दुसरं स्टेशन व्यू-पोर, म्हणजे जुनं बंदर. दोन नंबरच्या लाइननं दुसरं स्टेशन जोलिएत, म्हणजे बोटींचा धक्का. दोन्ही लाइनी सें-शार्लला एकत्र येतात, त्यामुळे हॉटेल निवडताना बाकी काही सुचलं नाही तरी यांपैकी एका स्टेशनच्या पाच मिनिटांच्या अंतरात राहा. सामान हलकं असेल तर स्टेशन ते जुनं बंदर चालत पंधरा-वीस मिनिटं, सगळा उतार. मुक्काम संपल्यावर तोच रस्ता चढाचा होतो, हे बुकिंगच्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही.

[दृश्य : अरुंद गल्ली. एकाला एक चिकटलेली घरं, प्रत्येक मजल्यावर तीन-तीन उंच खिडक्या.]

आता या घरांकडे नीट बघा. दर मजल्याला तीन खिडक्या, रुंदी सुमारे सात मीटर. मार्सेयमध्ये या घराचं नावच 'त्रॉय-फनेत्र', तीन खिडक्यांचं घर. मजल्याचे लाकडी वासे एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातात, म्हणून घराची रुंदी वाशाच्या लांबीएवढी. हे वासे म्हणजे जहाजाच्या डोलकाठ्यांचं लाकूड, असंही सांगतात. मधोमध जिना, पुढं एक खोली रस्त्यावर, मागं एक खोली आतल्या मोकळ्या चौकाकडे. एका कुटुंबासाठी बांधलेल्या अशा घराचं हॉटेल झालं की पुढच्या खोलीत पडदी उभी राहते, दोन खोल्या होतात, आणि एका कोपऱ्यात शॉवर-कमोड कोंबला जातो. स्वस्त हॉटेलातल्या बहुतेक तक्रारी या कापाकापीतून येतात. घर कसं कापलंय हे कळलं, की कोणती खोली मागायची तेही कळतं.

पहिला प्रश्न बाजूचा. 'कोते र्यू' म्हणजे रस्त्याकडची खोली, 'कोते कूर' म्हणजे चौकाकडची. रस्त्याकडे उजेड, हवा, आणि त्याबरोबर स्कूटर, बारमधल्या गप्पा, पहाटे कचऱ्याची गाडी. चौकाकडे शांतता, पण कधीकधी खिडकीसमोर खालच्या उपाहारगृहाचा पंखा घरघरत असतो. झोप महत्त्वाची असेल तर चौकाकडची मागा, आणि मजला दुसरा किंवा तिसरा. मजल्यांची मोजणी आपल्यासारखीच आहे : तळमजला शून्य, त्याच्या वरचा पहिला. अगदी वरची खोली स्वस्त असते, पण जुलै-ऑगस्टमध्ये छपराची कौलं दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता खाली सोडतात. एसी आहे का, हे बुकिंगच्या पानावर शब्दात लिहिलेलं बघा. फोटोत भिंतीवर पांढरी पेटी दिसते म्हणून प्रत्येक खोलीत एसी असेल असं समजू नका. लिफ्टचंही तेच. असली तर बहुधा जिन्याच्या मधल्या पोकळीत बसवलेली, दोन माणसं आणि एक बॅग मावेल एवढी.

[दृश्य : दारावरचं की-पॅड, मग छोटं काउंटर.]

चेक-इन साधारण दुपारी दोन-तीनच्या पुढे. छोट्या हॉटेलात रात्रभर माणूस असेलच असं नाही. काउंटर बंद झाल्यावर बाहेरचं दार कोडनं उघडतं. गाडी रात्री पोचणार असेल तर तसं आधी कळवा, आणि दाराचा कोड, खोलीचा नंबर, किल्ली कुठे ठेवली आहे, या तिन्ही गोष्टी लिहून मागवा. कोड फोनमध्ये ठेवलात तर कागदावरही ठेवा. फोनची बॅटरी नेमकी दारासमोर संपते.

काउंटरवर परदेशी पाहुण्याला पोलिसांसाठीचा एक फॉर्म भरून सही करावी लागते : नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पत्ता, आगमनाची तारीख. हॉटेलनं तो सहा महिने जपायचा असतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पर्यटन-कर, 'ताक्स द सेजूर', माणशी दर रात्रीचा वेगळा लागतो. बुकिंगच्या रकमेत तो पुष्कळदा धरलेला नसतो आणि तिथेच भरावा लागतो. अठराखालच्या मुलांना माफ. डिपॉझिटसाठी कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. प्रीपेड फॉरेक्स कार्डावर ती सुटायला कित्येक दिवस लागू शकतात, आणि तेवढे दिवस ते पैसे असून नसल्यासारखे. शक्य असेल तर डिपॉझिटला क्रेडिट कार्ड द्या, बिल फॉरेक्स कार्डानं भरा.

[दृश्य : अंधारा जिना. नारिंगी ठिपक्यासारखं बटण. बोट ते दाबतं, दिवा लागतो.]

जिना घराच्या मधोमध, म्हणून त्याला खिडकी नाही. भिंतीवर हे मिणमिणतं बटण दिसतंय, त्याला 'मिन्यूत्री' म्हणतात. दाबलं की सगळ्या मजल्यांचे दिवे लागतात आणि ठरलेल्या वेळानं, एक-दोन मिनिटांत, आपोआप विझतात. बॅगा घेऊन चढणारा माणूस दिवा विझला की अर्ध्यावर अडकतो. वर निघण्याआधी पुढच्या मजल्याचं बटण कुठे आहे ते बघून ठेवा. जिन्यात आणि खोलीत षट्कोनी लाल फरश्या असतील, त्या 'तोमेत', इथल्या मातीच्या भाजलेल्या. शंभर वर्षांत त्यांची पातळी वरखाली झालेली असते, अनवाणी चालताना ठेच लागते.

खोली लहान असणार. फ्रान्समध्ये एक आणि दोन ताऱ्यांच्या हॉटेलात दोघांच्या खोलीला नऊ चौरस मीटर, म्हणजे शंभर चौरस फुटांहून किंचित कमी जागा नियमाला पुरते. पलंग १४० सेंटिमीटर रुंद. आपल्याकडच्या सहा फुटी डबल-बेडची सवय असलेल्या दोघांना तो दाटीवाटीचा वाटतो. 'ग्रां ली' म्हणजे एकच मोठा पलंग, 'द्यू ली' म्हणजे दोन वेगळे. आई-मुलगा, दोन मैत्रिणी किंवा सासू-सून एकत्र राहणार असतील तर 'द्यू ली' हे शब्द बुकिंगच्या कागदावर आलेले हवेत. उशाशी लांबलचक गोल उशी असेल, आपला लोडच. डोक्याखाली टोचत असेल तर काढून ठेवा.

बॅग पलंगावर टाकू नका. आधी ती न्हाणीघराच्या फरशीवर ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च लावून गादी तपासा. चादर कोपऱ्यातून उचला, गादीच्या शिवणीच्या पट्टीवर बोट फिरवा, मग पलंगाच्या डोक्याकडची फळी आणि भिंत यांमधली फट बघा. शाईनं टिपके दिल्यासारखे काळे डाग, सोललेली पारदर्शक कातडी किंवा चार ते सात मिलिमीटरचा चपटा तपकिरी किडा दिसला तर ते ढेकूण. २०२३ च्या शरद ऋतूत फ्रान्समध्ये त्यांचा मोठा बोभाटा झाला होता. महागड्या हॉटेलातही ते सापडतात, तेव्हा स्वस्तालाच दोष देण्यात अर्थ नाही. दिसले तर फोटो काढा, खोली बदलून मागा, आणि बदललेली खोली शेजारची किंवा नेमकी वरची-खालची नको. कपडे पुढच्या लाँड्रीत साठ अंशांवर धुवा.

[दृश्य : छोटं न्हाणीघर. कमोडच्या मागे पांढरी प्लॅस्टिकची पेटी. फ्लश. घरघर.]

हा आवाज ऐका. कमोडच्या मागची पांढरी पेटी म्हणजे 'सानिब्रॉयर'. साध्या कमोडला शंभर मिलिमीटरचा पाइप लागतो, तोही उतार देऊन थेट मुख्य नळापर्यंत नेलेला. पडद्या उभारून कोपऱ्यात काढलेल्या न्हाणीघरात तो नेणार कुठून? मग ही पेटी बसवतात. फ्लश केलं की पाणी पेटीत चढतं, आतली हवा दाबली जाते, त्या दाबानं स्विच पडतो, मोटर फिरते, पाती मैला आणि कागद यांचा लगदा करतात, आणि पंप तो लगदा अंगठ्याएवढ्या पाइपातून वर-खाली कुठेही ढकलतो. काही सेकंदांत काम संपतं. रात्री दोन वाजता पडदीपलीकडच्या माणसालाही ते संपल्याचं कळतं.

त्यात टॉयलेट पेपरखेरीज काहीही टाकायचं नाही. ओला वाइप विरघळत नाही, पात्यांना दोरीसारखा गुंडाळला जातो आणि मोटर गुंगुं करत जागीच अडकते. सॅनिटरी पॅड, कापूस, केसांचा पुंजका, दातांचा दोरा, सगळ्यांचा परिणाम तोच. अडकलं तर पुन्हा पुन्हा फ्लश करू नका, पेटी भरून कमोडमधलं पाणी वर येतं. सरळ खाली जाऊन सांगा. कुणी न वापरताही पेटी दर काही मिनिटांनी सुरू होत असेल तर तिचा उलटझडपेचा पडदा गळतोय, पाइपातलं पाणी परत आत येतंय. ती दुरुस्ती पाहुण्याची नव्हे, खोली बदलून घ्या. आणि वीज गेली की हा संडास बंद, हेही लक्षात असू द्या.

त्याहून मोठी अडचण पाण्याची. जेट स्प्रे नसतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून प्लॅस्टिकचा मग किंवा नळी लावायची बाटली सोबत असते. ठाऊक नसतं ते हे, की फरशीला नहाणी ट्रॅप नसतो. शॉवरच्या सत्तर-ऐंशी सेंटिमीटरच्या चौकोनी ताटाबाहेर सांडलेल्या पाण्याला जायला वाट नाही. ते तोमेतच्या फटींतून लाकडी वाशांत मुरतं आणि खालच्या खोलीच्या छताला पिवळा नकाशा उमटवतं. बादली-तांब्याची अंघोळ त्या ताटात उभं राहूनच. पडद्याचं खालचं टोक ताटाच्या आत सोडा, बाहेर नाही. पाणी सांडलंच तर टॉवेलनं लगेच टिपा. गरम पाण्याची टाकी छोट्या हॉटेलात सगळ्यांची मिळून एक असते, सकाळी आठच्या सुमारास ती रिकामी होते. साडेसहाला अंघोळ करणाऱ्याला शेवटपर्यंत गरम पाणी मिळतं. स्वस्तातल्या खोलीच्या वर्णनात 'व्हेसे स्यूर ल पालिए' असं असेल तर संडास खोलीबाहेर, जिन्याच्या सपाट टप्प्यावर, सामाईक.

विजेचा दाब आपल्याएवढाच, २३० व्होल्ट. सॉकेट गोल, खोलगट, आणि त्यातून अर्थिंगची एक पिन बाहेर डोकावते. मोबाइलच्या चार्जरचा बारीक दोन-पिनी प्लग सरळ बसतो. आपला तीन-पिनी प्लग बसत नाही, त्याला अडॅप्टर लागतो. भारतातून एकच अडॅप्टर आणि एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड न्या, कारण जुन्या खोलीत सॉकेट एक किंवा दोन, तेही पलंगामागे. किटली खोलीत नसेल, तर स्वतःची चालते का ते विचारून घ्या. इंडक्शनवर फोडणी मात्र नको. धुराचा सेन्सर पलंगाच्या बरोबर वर असतो.

[दृश्य : खिडकीच्या लाकडी झडपा वाऱ्यानं थरथरतात.]

वायव्येकडून रोन नदीच्या खोऱ्यातून येणारा मिस्त्राल वारा सुरू झाला की आकाश लख्ख निळं होतं आणि झडपा आपटू लागतात. उघडी झडप भिंतीला टेकवून धरायला बाहेर एक लोखंडी खटका असतो. तो उभा करून ठेवला नाही तर रात्रभर धाडधाड. उन्हाळ्यात उलटं करायचं : दिवसा झडपा आणि काचा दोन्ही बंद, सूर्य गेल्यावर दोन्ही उघड्या. खोली निम्म्यानं सुसह्य होते.

नाश्ता खोलीच्या भाड्यात बहुधा धरलेला नसतो. हॉटेलात जेवढे पैसे द्याल त्याहून कमीत कोपऱ्यावरच्या बारमध्ये कॉफी आणि लोणी लावलेला पावाचा तुकडा मिळतो. काउंटरला उभं राहून प्यायलात तर बाहेरच्या खुर्चीपेक्षा स्वस्त. शाकाहारी माणसासाठी दोन गोष्टी : नोआय मेट्रोजवळ कापुसँ मंडई, तिथे भाजी, खजूर, हरभरे, मसाले. दुसरी पानीस. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, थंड झालं की चकत्या कापून तळायच्या. पाटवडी तळली तर जे होईल तेच, फक्त फोडणी नाही, वर मीठ-मिरपूड. त्याच तेलात मासे तळतात का, एवढं विचारून घ्या. नळाचं पाणी पिण्याचं आहे, जेवताना 'काराफ दो' मागितलं की फुकट येतं.

एवढी व्यवधानं नको असतील तर साखळी हॉटेलं आहेत. इबिस बजेटचं पूर्वीचं नाव एताप. काचेची शॉवर-पेटी, डबल-बेडवर आडवा टांगलेला तिसऱ्याचा पलंग, दाराला कोड, सगळीकडे सारखंच. तिथे कापाकापी नाही आणि झडपाही नाहीत. स्वस्तातल्या साखळ्यांची पुष्कळ हॉटेलं मात्र महामार्गाच्या कडेला असतात, तेव्हा नकाशावर मेट्रो कुठे आहे ते आधी बघा.

[दृश्य : पहाट. जिना. हातात बॅग.]

खोली सोडायची वेळ बहुधा अकरा. बोट संध्याकाळची असेल तर बॅग काउंटरमागे ठेवू देतात, पण कुलूप लावून आणि पासपोर्ट सोबत घेऊन. बोट सकाळची असेल तर आदल्या रात्रीच बिल भरा, पर्यटन-करासकट, आणि किल्ली कुठे टाकायची ते विचारून ठेवा. पहाटे पाचला काउंटरवर कुणी नसतं. बाहेरचं दार आतून बटण दाबल्यावर उघडतं. ते बटण दारावर नसतं, शेजारच्या भिंतीवर असतं, मिन्यूत्रीच्या बटणाच्या जवळच. नारिंगी ठिपक्याचं आधी दाबा, मग दुसरं दिसेल.