काळा सदरा, निळा रुमाल

श्रोतेहो, नमस्कार.

एका लहानशा बंदुकीपासून सुरुवात करते. इटलीच्या सैन्याकडे १८९१ सालच्या नमुन्याची कार्कानो बंदूक होती. हुकूमशहा मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीत तिचीच छोटी नक्कल तयार झाली, शाळकरी पोराच्या खांद्याला पेलेल एवढी. तिला संगीनसुद्धा होती, टोक बोथट केलेली. ही बंदूक खांद्याला लावून, काळा सदरा, गळ्यात निळा रुमाल आणि डोक्यावर काळी गोंड्याची टोपी घालून पोरं कवायतीला उभी राहायची. या पोरांना म्हणायचे बालिल्ला.

या नावामागे एक गोष्ट आहे. १७४६ साली जेनोवा शहरात ऑस्ट्रियन सैनिकांची तोफ चिखलात रुतली. ती ओढून काढा म्हणून ते लोकांवर दांडगाई करू लागले, तेव्हा एका पोरानं पहिला दगड भिरकावला आणि शहर पेटलं. त्या पोराचं टोपणनाव बालिल्ला, असं सांगतात. म्हणजे हुकूम झुगारणारा पोरगा. आणि त्याच्या नावानं काढलेल्या संघटनेत मुलं शपथ काय घ्यायची? ‘दुचेचे हुकूम कसलीही चर्चा न करता पाळीन, आणि गरज पडली तर रक्तही देईन.’ दुचे म्हणजे नेता, अर्थात मुसोलिनी. शपथ घेणाऱ्याचं वय आठ!

३ एप्रिल १९२६ च्या कायद्यानं ही संघटना उभी राहिली. आठ ते चौदा वर्षांचे बालिल्ला, त्यापुढे अठरापर्यंत ‘आव्हांग्वार्दिस्ती’, मुलींची पथकं वेगळी. पुढे सहा वर्षांची पोरंही घेतली, त्यांना नाव दिलं ‘लांडगीची लेकरं’. रोम वसवणाऱ्या जुळ्या भावांना लांडगीनं दूध पाजल्याची कथा तुम्हाला माहीत असेलच.

आता यातला आपल्याकडचा धागा. १९३१ च्या मार्चमध्ये नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे लंडनच्या गोलमेज परिषदेहून परतताना रोमला उतरले. १९ मार्चला त्यांनी तिथली लष्करी आणि शारीरिक शिक्षणाची विद्यालयं पाहिली, बालिल्लांची संघटना पाहिली आणि त्याच दिवशी ते मुसोलिनीला भेटले. पाहिलेलं सगळं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं. ते भारावून गेले होते, हे त्या नोंदींतून उघड दिसतं. ही रोजनिशी दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात मायक्रोफिल्मवर आहे. पुढे १९३७ मध्ये मुंज्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं. त्यात इटलीचा वाटा किती, यावर अभ्यासक भांडत असतात. मला आज त्यात शिरायचं नाही. मला रोजनिशीकडे एक साधन म्हणून बघायचंय. पाहुण्याला ओसरी दाखवतात, माजघर नाही. मुंजे येऊन गेले आणि दोन-अडीच महिन्यांतच, मेच्या अखेरीला, सरकारनं कॅथलिक तरुण मंडळांना टाळं ठोकलं. जूनअखेर पोप अकरावे पायस यांनी जाहीर पत्र काढून निषेध केला. सप्टेंबरात तडजोड झाली. मंडळं चालू ठेवा, धर्माचं काय ते शिकवा, पण खेळ घ्यायचे नाहीत! मला ही अट फार बोलकी वाटते. पोरं प्रवचनामागे जात नाहीत, चेंडूमागे जातात, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं.

अशा संघटनांचा अभ्यास करायला बसलं की पहिल्यांदा हाती लागतात ते सभासदांचे आकडे. ते भलेमोठे असतात आणि तिथंच अभ्यासक फसतो. वर्गात मास्तर यादी घेऊन उभे राहिले की अख्खा वर्ग सभासद. बाप सरकारी नोकर असेल तर पोराचं नाव घालण्यावाचून गत्यंतर नाही. गरिबाघरी हिशेब निराळा: नाव घातलं तर उन्हाळ्यात समुद्राकाठच्या शिबिरात पोराला महिनाभर पोटभर जेवण मिळेल. प्राथमिक शाळा सुटून पोर शेतात किंवा कारखान्यात लागलं की यादीतून गळायचं. मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा कमी, दक्षिणेतलं उत्तरेपेक्षा कमी. १९३७ मध्ये हे सगळं थेट फॅसिस्ट पक्षाच्या हाताखाली गेलं आणि १९३९ पासून सभासद होणं सक्तीचं झालं. त्यानंतरच्या आकड्यावरून मनातलं काय कळणार?

म्हणून दुसरी कागदपत्रं धुंडाळावी लागतात. तोस्काना प्रांतात पिएवे सांतो स्तेफानो नावाचं छोटं गाव आहे. तिथं १९८४ साली साव्हेरियो तुतिनो या पत्रकारानं सामान्य माणसांच्या रोजनिश्या, पत्रं आणि आठवणी जमवायला सुरुवात केली. हा खजिनाच आहे. पण तोही जपून वाचावा लागतो. मुलानं त्या रात्री लिहिलेली नोंद निराळी आणि त्याच मुलानं सत्तरीत लिहिलेली आठवण निराळी. राजवट पडल्यावर जो तो पहिल्यापासून विरोधातच असतो.

काही जण खरोखर होते. १९२८ मध्ये कॅथलिक स्काउटांवर बंदी आली. मिलान आणि मोंत्साच्या मूठभर पोरांनी ठरवलं की फॅसिझमपेक्षा एक दिवस जास्त टिकायचं. ‘भटके गरुड’ हे त्यांनी घेतलेलं नाव. कोमो सरोवराच्या वरच्या अंगाला कोदेरा नावाचं खोरं आहे, तिथं पायीच चढून जावं लागतं. तिथं ते गणवेश घालून तंबू ठोकायचे. १९४५ पर्यंत त्यांनी हे चालवलं. १९४३ नंतर त्यांच्यातल्याच काहींनी ज्यूंना आणि फरारी लोकांना सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला पोचवलं. सरकारी नोंदवहीवर विसंबून राहाल तर ही पोरं तुम्हाला दिसणारच नाहीत.

उलट बाजूही सांगायला हवी. १९३४ पासून राजवट विद्यार्थ्यांच्या साहित्य-कला-राजकारणाच्या स्पर्धा भरवायची. त्यात कविता करणारा पिएत्रो इंग्राओ पुढे कम्युनिस्ट नेता झाला, संसदेचा सभापती झाला. तेव्हा यादीत नाव सापडलं म्हणून लगेच शिक्का मारू नये, एवढंच.

आणि हो, ज्या यंत्रासमोर मी बसलेय त्याचीही साक्ष काढायला हवी. १९३३ मध्ये मुसोलिनी सरकारनं ग्रामीण रेडिओची खास संस्था काढली. खेड्यापाड्यांतल्या शाळांत रेडिओसंच बसवले. दुचेचा आवाज वर्गात आला. हे माइकसमोर सांगताना जरा अवघडल्यासारखं होतं.

त्याच काळात आलेस्सांद्रिया शहरात एक हुशार मुलगा शाळेत जात होता. १९४२ साली, दहाव्या वर्षी, फॅसिस्ट मुलांच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. विषय होता, मुसोलिनीच्या कीर्तीसाठी आणि इटलीच्या भवितव्यासाठी आपण मरावं का? त्यानं अर्थातच ‘हो’ लिहिलं होतं. हा मुलगा म्हणजे पुढचा जगप्रसिद्ध लेखक उंबेर्तो एको. मग २७ जुलै १९४३ ची सकाळ उजाडली. मुसोलिनीला अटक झाल्याची बातमी रेडिओवर आली होती. आईनं त्याला वर्तमानपत्र आणायला पिटाळलं. कोपऱ्यावरच्या टपरीवर बघतो तर निरनिराळ्या नावांची वर्तमानपत्रं, आणि प्रत्येकात मजकूर वेगळा. हाताला लागलं ते त्यानं घेतलं. पहिल्याच पानावर एक निवेदन होतं आणि त्याखाली पाच-सहा पक्षांच्या सह्या. देशात एकाहून जास्त पक्ष असतात, हे त्या बक्षीसपात्र निबंधकाराला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. आणि एवढे सगळे पक्ष काही एका रात्रीत जन्मले नसणार, हेही टपरीपाशीच त्याच्या ध्यानात आलं.

नमस्कार.