फरशी रंगली, आता बोलणं

(आसपासच्या शाळांच्या केंद्रातील शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा संपादित भाग)

गेल्या दहाएक वर्षांत आपल्या जिल्हा परिषद शाळांच्या फरश्या रंगल्या. साताऱ्याच्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, काम बघायला शिक्षक गाड्या करून गेले, २२ जून २०१५ ला प्रत्येक मूल शिकावं यासाठीच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, आणि गावोगाव ऑइलपेंटचे डबे उघडले. जमिनीवर अंकांचे तक्ते आले, मुलांच्या हाताला पोचतील असे फळे आले. चांगलंच झालं. पण कुमठ्याची मुलं गटात बसून आपसांत बोलत होती, शिकत होती. बघून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी गावी आणला तो नुसता रंग.

आता एक वजाबाकी घ्या. ५२ वजा २७. एक पोरगं लिहितं ३५. आपण फुली मारतो, ‘हातचा विसरलास’ म्हणतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. त्याऐवजी विचारा, ‘कसं केलंस, सांग बरं?’ ते सांगेल, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. म्हणजे पोरगं बेफिकीर नाही. मोठ्यातून लहान काढायचं, हा नियम ते इमानेइतबारे पाळतंय! ते ३५ फळ्यावर राहू द्या, नाव न लिहिता. शेजारी कुणाचं तरी २५ लिहा. मग गटापुढे काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या ठेवा आणि म्हणा, ‘मला सत्तावीस द्या.’ गठ्ठा सोडल्याशिवाय देताच येत नाहीत. रबर कुणी काढायचं यावरून जुंपेल. जुंपू द्या. त्यातच एखादी म्हणते, ‘अरे, एक सोडला की चारच गठ्ठे राहिले ना!’ हे वाक्य आपल्या तोंडून न येता तिच्या तोंडून आलं, यासाठी तर गट करायचा.

आणि प्रश्न विचारल्यावर जरा थांबा हो. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी वर्गांतलं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवून दिलं, की शिक्षक उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारीही बोलू लागतात. आपल्याकडे त्या एका सेकंदात नेहमीचेच पाच हात वर येतात.

शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक. तेव्हा मोठ्या मुलांनी लहानांना समजावून सांगणं हा आपल्याकडे शौक नाही, गरज आहे. फक्त रोज त्याच हुशार मुलीला दुसरी बाई करू नका. तिलाही शिकायचं असतं.

शेवटचं. तुमच्या शाळेत वर्ग कोण झाडतं? बहुतेक ठिकाणी मुली. घंटा मुलगा देतो. पाण्याच्या माठाकडे कुणाला पाठवायचं नाही, हे काही गावांत न बोलता ठरलेलं असतं, आणि मुलं ते पुस्तकाआधी शिकतात. पाळ्यांचा तक्ता करून भिंतीवर लावा. हजेरीपटात मुलगे आधी, मुली नंतर असतील, तर तो क्रम मोडा. झाडू, माठ, घंटा, सगळं सगळ्यांकडे फिरू द्या. एखादे पालक येतील, ‘गुरुजी, आमच्या पोराच्या हातात झाडू?’ वाद घालत बसू नका. तक्त्याजवळ न्या आणि सोमवारच्या रकान्यात झाडूपुढे तुमचं नाव आहे, ते दाखवा.