बाकांची गाडी आणि चार लाख आमिश

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'आमिश वसाहतींचा विस्तार'. विस्ताराकडे येतोच, पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. आमिश म्हणजे अमेरिकेतला, आधुनिक यंत्रं बेतानंच वापरून साधेपणानं राहणारा ख्रिस्ती पंथ. त्यांचं नाव काढलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "त्यांच्याकडे मोबाइल असतो का हो?" पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला आपली माणसं बस करून जातात, घोडागाडीचे फोटो काढतात, मुरंबा घेतात आणि "बिचारे मागेच राहिले" म्हणत परततात. मागे? १९०० च्या सुमारास अमेरिकेत आमिश होते जेमतेम पाच-सहा हजार. आज चार लाखांच्या घरात आहेत, दर वीसेक वर्षांनी दुप्पट! आपल्या मंडळाचे सभासद असे वाढले असते तर... जाऊ द्या, चिटणीस समोरच बसलेत. (हशा)

फोटो काढायचाच तर बाकांच्या गाडीचा काढा. यांना चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून प्रार्थना, तीही आळीपाळीनं कुणाच्या तरी घरी, नाहीतर कोठारात. त्याआधी त्या घरी पेटाऱ्यासारखी एक गाडी येऊन उभी राहते. आत बिनपाठीची लाकडी बाकं आणि जर्मन भजनांची जाडजूड पुस्तकं. त्या बाकांवर तीन तास बसायचं, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. प्रार्थना आटोपली की त्याच बाकांचे पाय लाकडी घोडीत बसवून टेबलं करायची आणि पाव, लोणचं, पीनट बटर, कॉफी अशी पंगत उठवायची.

माझं म्हणणं एवढंच, की विस्ताराचं गमक या गाडीत आहे. घरात मावतील तेवढीच माणसं, म्हणजे साधारण २५ ते ४० कुटुंबं. त्यापुढे गेली की एका प्रार्थनामंडळीच्या दोन होतात. नवा उपदेशकही चिठ्ठीनं ठरतो. आधी सभासद नावं सुचवतात, मग त्या उमेदवारांपुढे भजनाची पुस्तकं मांडतात. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी, तो जन्मभर बिनपगारी उपदेशक! आपल्याकडे पॅनेलं उभी राहिली असती.

हे बघा, मलाही चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत.

तर भराभर सांगतो. बाहेरून येणारे नगण्य, वाढ सगळी घरातूनच. घरटी सहा-सात मुलं, आणि त्यातली सुमारे ८५ टक्के मोठेपणी बाप्तिस्मा घेऊन तिथंच राहतात. शाळा आठवीपर्यंत, ती मुभा १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिली. एवढ्या मुलांना जमीन कुठली पुरणार? लँकेस्टरचे भाव परवडेनात, म्हणून काही कुटुंबं मिळून न्यूयॉर्क राज्य, विस्कॉन्सिन, केंटकी असं स्वस्त रान गाठतात. कुणी सुतारकामाकडे वळतात. कुणाला जुन्या गावचे नियम सैल वाटतात, तेही बाहेर पडतात. अशा वसाहती आज सहाशेच्या वर आहेत, तीसहून जास्त राज्यांत. सगळ्या टिकत नाहीत. कुटुंबं कमी पडली, उपदेशक मिळाला नाही, की गाशा गुंडाळतात.

आणि ज्या युरोपात मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या १६९३ च्या फुटीतून हा पंथ निघाला, तिथं ते विखुरलेलेच राहिले, सलग वस्ती कधी जमलीच नाही. तिथली शेवटची आमिश मंडळी १९३७ मध्ये मेनोनाइटांत मिसळून गेली.