बनगरवाडी, मोठ्यानं वाचलेली

[पडद्यावर : उघडा माळ, पलीकडं डाळिंबाची बाग. आधी वाचणाऱ्याचा आवाज येतो, माणसं नंतर दिसतात.]

आटपाडी तालुका. सांगली जिल्ह्याचा ईशान्येकडचा कोपरा. सह्याद्रीवर धो धो कोसळणारा पाऊस इथवर येईस्तोवर रिता झालेला असतो. माण नदीच्या आजूबाजूचा हा मुलूख, म्हणून माणदेश.

इथल्या एका घराच्या सोप्यात रविवारी संध्याकाळी काही माणसं जमतात आणि एक कादंबरी मोठ्यानं वाचतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ साली आलेली. लेखकाचं माडगुळे याच तालुक्यात. कादंबरीतली वाडी कुठली असं विचारलं, तर लोक लेंगरेवाडीकडं बोट दाखवतात. त्यामुळं इथं हे पुस्तक नुसतं वाचून होत नाही. ते तपासलं जातं. वाट कुठून येत असेल, ओढा कुठला, उन्हं कुठल्या अंगानं येतात, सगळ्याची चौकशी होते.

गोष्ट थोडक्यात सांगता येते. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर तरुण मास्तर येतो. पोरं मेंढरांमागं, शाळा नावापुरती. हळूहळू वाडी त्याला आपला मानते, कागदपत्रांपासून भांडणांपर्यंत सगळं त्याच्याकडं येऊ लागतं. सगळे मिळून तालीम बांधतात. मग पाऊस दगा देतो आणि वाडी उठून जाते.

शाळेत आम्हाला सांगितलं होतं, माडगूळकरांची निसर्गवर्णनं सुंदर आहेत. मोठ्यानं वाचताना मात्र ध्यानात येतं की वर्णन म्हणून वेगळं काढावं असं त्यात फार थोडं आहे. मुलूख दिसतो तो कामातून.

[पडद्यावर : वाचन थांबलेलं. पुस्तक मांडीवर उपडं.]

शेकूच्या प्रसंगापाशी वाचन थांबलं, ते बराच वेळ. शेकूकडं बैल एकच. औताच्या दुसऱ्या अंगाला त्याची बायको जुवाखाली खांदा देते. मंडळीत डाळिंबवाले तात्या आहेत. ते म्हणाले, “दुसरा बैल मिळंपर्यंत थांबायचं की, असं शहरातला माणूस म्हणंल. पण पाऊस पडून गेला की वाफसा, म्हणजे औत धरण्याजोगी ओल, चार दिवसांचा. रान थांबत नाही.” मग त्यांनी हातानं दाखवलं, जू खांद्यावर कुठं बसतं, बैलाची चाल आणि माणसाची चाल जुळली नाही तर औत कसं एका अंगाला ओढतं. सोप्यातली सगळी माणसं त्यांच्या खांद्याकडं बघत होती.

मला वाटतं, एकत्र वाचण्याचं खरं कारण हे आहे. एकट्यानं वाचताना मी त्या बाईच्या कष्टांपाशी थांबले असते. तात्यांनी मला जमिनीपर्यंत नेलं.

तालमीचंही तसंच. धनगरांच्या वाडीवर मास्तर देऊळ किंवा धर्मशाळा न उभारता तालीम का उभारतो? निवृत्त गुरुजींनी औंधचा सगळा कारभारच समोर मांडला. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते, संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे होते. याच राजानं १९३९ साली गावांच्या हाती कारभार सोपवणारी राज्यघटना आणली आणि त्याच साली आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, उभी राहिली. अशा राज्यात वाडीनं श्रमदानानं तालीम बांधावी आणि तिच्यासाठी खुद्द राजानं यावं, यात नवल नाही. दगडमातीची ती इमारत त्या काळाच्या राज्यकारभारातून वर आलेली आहे.

[पडद्यावर : वह्या. खोडलेल्या ओळी.]

निम्मं पुस्तक झालं तेव्हा ठरलं, प्रत्येकानं आपल्या जागेवर एकेक पान लिहायचं. पहिली पानं ऐकवली गेली. निसर्गाच्या कुशीत वसलेलं गाव, टुमदार घरं, प्रेमळ माणसं. त्यातलं एकही गाव ओळखू येत नव्हतं. गुरुजींनी वह्या परत केल्या आणि एवढंच सांगितलं, “विशेषणं काढा. तिथं पहाटे उठून कोण काय करतं ते लिहा.”

तात्यांनी रानाला पाणी द्यायच्या पाळीची रात्र लिहिली. कृष्णेचं पाणी टेंभू योजनेनं कऱ्हाडकडून टप्प्याटप्प्यानं उचलून या दुष्काळी पट्ट्यात आलं, म्हणून इथं बाग उभी आहे. तात्यांच्या पानात हे सगळं नाही. त्यात बॅटरी आहे, चारीच्या कडेला अंथरलेलं पोतं आहे आणि वरच्या रानातल्या माणसानं पाणी सोडलं का, याची वाट बघणं आहे.

मंडळीत कॉलेजला जाणारी एक मुलगी आहे, धनगराच्या घरातली. तिनं आजीची संध्याकाळ लिहिली. आजी खुंट्या ठोकते, वाघर, म्हणजे दोरांचं जाळं, ताणून मेंढरांना कोंडते, कोवळी कोकरं डालग्याखाली झाकते. मग आईला ओरडणारी कोकरं एकेक करून बाहेर काढते, आणि काळोखात, नुसत्या आवाजावरून, ज्याचं त्याच्या आईपाशी सोडते. हे पान ऐकून मी तिला म्हटलं, “अगं, अजून लिही.” ती म्हणाली, “ताई, आजी एवढंच करते, मग झोपते.”

सगळ्यांत जास्त वाद झाला तो शेठच्या पानावर. शेठ गलाईवाले. खानापूर-आटपाडी भागातली ही माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं देशभर पांगली. शेठचं दुकान कोइमतूरला. त्यांनी लिहिलं ते भट्टीबद्दल. सोनं वितळवायची मूस लाल होईपर्यंत फुंकायची, सवागी, म्हणजे टाकणखार, टाकायची, तेजाबाची वाफ नाकातोंडात जाते म्हणून तोंड फिरवून उभं राहायचं. दुकानाच्या गल्लीत तमिळ, भट्टीपुढं मात्र माणदेशी बोली. आणि जत्रेला गावी यायचं ठरलं की आठ दिवस आधीपासून सगळ्यांची झोप उडालेली.

एकानं विचारलं, “शेठ, ह्यात आटपाडी कुठाय?”

माझं मत शेठच्या बाजूचं आहे. कादंबरीत वाडी उठते, कळप घेऊन माणसं निघतात आणि पुस्तक संपतं. पुढं ती कुठं गेली? गलाईवाले म्हणजे ते धनगर नव्हेत, पण त्यांनाही घराबाहेर काढलं ते याच कोरड्या रानानं. बाहेर राहून माणदेश सांभाळणाऱ्यांचं पान या वहीत नसेल तर वही अर्धी राहील. गुरुजींना हे पटलं, तात्यांना अजून पटलेलं नाही. जागेबद्दल लिहायचं तर तिथल्या पावसाची वाट बघत बसावं लागतं, असं ते म्हणतात, आणि त्यांच्याही म्हणण्यात वजन आहे.

[पडद्यावर : घोड्यावर बांधलेला संसार. मेंढरांचा कळप रस्त्याला लागलेला.]

दिवाळी झाली. मुलीच्या घरची मेंढरं नदीकाठच्या मुलखाकडं निघाली आहेत. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवतात, बदल्यात धान्य देतात. सुट्टी आहे तोवर तीही बरोबर जाणार. कादंबरीचं शेवटचं प्रकरण उरलंय आणि ते तिनंच वाचावं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. रेंज मिळेल तिथून ती फोनवर वाचेल. तात्यांनी तिला बजावून सांगितलंय, मेंढरांचा वाडा ज्या रानात बसलाय तिथली माती काळी की तांबडी, ते आधी सांगायचं.